आमच्या घरची गीतमाला

गाण्यांच्या शर्यती लावायचा नाद आपल्या देशाला लागला तो १९५२ साली. त्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले आणि डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण आमच्या अब्बांच्या बोलण्यात त्या कायम जोडीने यायच्या. खाशाबांनी माणसांची कुस्ती दाखवली, अमीन सायानींनी गाण्यांची, असा त्यांचा हिशेब.

गीतमालेला सिलोन गाठावे लागले त्यालाही एका मराठी माणसाचा हातभार होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात नभोवाणी मंत्री होते. फिल्मी गाण्यांनी देशाचा कान बिघडतो असे त्यांचे मत, म्हणून आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. ती समुद्र ओलांडून कोलंबोला गेली आणि तिथून दर बुधवारी रात्री आठ वाजता पुन्हा आपल्याच घरात येऊ लागली. मग १९५७ साली सरकारला ‘विविध भारती’ काढावीच लागली. गाण्याला दाराबाहेर ठेवले की ते खिडकीतून येते, हे केसकरांना कुणी सांगितले नसावे.

गीतमालेचे सुरुवातीचे रूप अगदी साधे होते. सात गाणी वाजत, त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा, अचूक उत्तराला शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांच्या आसपास पत्रे आली, असे सायानी स्वतः सांगत. १९५४पासून तिला खरी क्रमवारी आली. रेकॉर्डची दुकाने आणि गावोगावचे श्रोता संघ यांचा कौल घेऊन गाणी पायरीपायरीने वर चढत. सायानी ‘नंबर’ म्हणत नसत, ‘पायदान’ म्हणत. सर्वांत वरच्या गाण्याला ‘सरताज गीत’ म्हणत आणि त्याच्या आधी बिगुल वाजे. ही जबान त्यांच्या घरातली होती. त्यांच्या आई कुलसुम सायानी गांधीजींच्या सांगण्यावरून ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढत. मजकूर एकच, सोप्या हिंदुस्थानीतला. लिपी मात्र तीन : नागरी, उर्दू आणि गुजराती. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, घरी दखनी बोलतो आणि मनातले लिहायला बसलो की मराठीत लिहितो. त्यामुळे हा तीन लिप्यांचा संसार आम्हाला परका वाटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. ऐंशीच्या दशकातल्या वार्षिक गीतमालेच्या सरताज गीतांची यादी अब्बांना पाठ होती. १९८०चे ‘सरगम’मधले डफलीवाले, १९८१चे ‘लावारिस’मधले ‘मेरे अंगने में’, १९८५चे ‘सुन साहिबा सुन’, १९८७चे ‘चिठ्ठी आई है’, १९८८चे ‘पापा कहते हैं’, १९८९चे ‘माय नेम इज लखन’. ती म्हणून झाली की अब्बांची तक्रार सुरू व्हायची. एखाददुसरा अपवाद सोडला तर सरताज नेहमी भल्या घरची गाणी होतात. जी गाणी लोक खालच्या आवाजात मागतात, ज्यांना अर्थ बेताचा, चाल कुठून तरी उचललेली, गाणाऱ्याचा पत्ता नाही, पण जी एकदा कानात शिरली की महिनाभर निघत नाहीत, त्यांना पायदान मिळते, ताज मिळत नाही. अशा गाण्यांना अब्बांचा स्वतःचा शब्द होता : ‘टेढे गाने.’

अब्बांना या गोष्टी कळत, कारण तो त्यांचा धंदा होता. १९८२ साली त्यांनी साताऱ्याच्या सदर बझारात कॅसेट भरून देण्याचे दुकान काढले. दुकान म्हणजे काय, दोन डेक, एक रेकॉर्ड प्लेअर आणि माणूस उभा राहील एवढी जागा. गिऱ्हाइकाने कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट विकत घ्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली न्यायची. त्या काळात गावोगावी हा उद्योग चाले. १९८४ साली कॉपीराइटचा कायदा कडक झाला, तरी पुढची बरीच वर्षे कुणाला त्याचे फारसे वाटले नाही. अब्बा मात्र शटर अर्धे खाली ओढून रेकॉर्डिंग करायला लागले, एवढाच फरक पडला.

या धंद्याची एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. अब्बा उर्दूत सातवी शिकलेले, त्यामुळे सगळी वही उर्दू लिपीत, गाणी मराठी असली तरी. उर्दूत ‘ळ’ नाही. म्हणून त्यांच्या वहीत सगळ्या ‘ळ’चा ‘ल’ झालेला आहे आणि एखादी गौळण वाचताना आम्हाला आमच्या वर्गातली पोरे ‘शाला सुटली’ म्हणतात त्याची आठवण होते. गिऱ्हाइकांची नावे नाहीत. ‘कोरेगावचा नवरदेव’, ‘एस.टी.चा कंडक्टर’, ‘लंगडा टेलर’ अशा खुणा आहेत. प्रत्येक गाण्यापुढे ते किती वेळा भरले त्याच्या रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. टेढ्या गाण्यांच्या पुढे एक छोटी वाकडी फुली. आमचा जन्म १९८८चा. म्हणजे ही गाणी आम्ही ‘नवी’ म्हणून कधी ऐकलीच नाहीत; आम्हाला कळू लागले तोवर ती दुकानाच्या भिंतीसारखी जुनी झाली होती. सीडी आल्यावर, २००३च्या सुमारास, अब्बांनी दुकान बंद केले. वही राहिली.

डिसेंबर २०२३मध्ये अब्बांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणे, तिन्ही एकदम गेले. उपचारांसाठी मिरज सोयीचे, म्हणून भाईजान त्यांना आणि अम्मीला आमच्या सांगलीच्या घरी घेऊन आले. हे वाक्य लिहायला सोपे आहे. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत अब्बा आमच्याकडे एक रात्रही राहिले नव्हते. साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन यायचे, लेकीच्या घरचे पाणी घ्यावे की नाही असा विचार करत अर्धा कप चहा घ्यायचे आणि कऱ्हाड, पेठ नाक्यामार्गे जाणारी शेवटची गाडी पकडायचे. आता ते आमच्या बाहेरच्या खोलीत खाटेवर होते आणि अम्मी दिवसातून चार वेळा म्हणत होती, “बेटी के घर में आके पडना था, ये दिन भी देखना था.” आमच्या सासूबाई दाराआडून, डोक्यावरचा पदर सावरत म्हणायच्या, “पडे नै, पावने आयेले हैं.” पण पाहुणपणालाही मुदत असते, हे त्या घरातल्या सगळ्यांनाच कळत होते.

अब्बांना समजत सगळे होते. बोलताना मात्र एकच शब्द निघे : “चल.” पाणी हवे, चल. उशी हलवा, चल. नात जवळ आली, चल. राग आला तरी चल, फक्त जोरात. मिरजेच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी आम्हाला समजावून सांगितले की मेंदूच्या डाव्या बाजूला, जिथून बहुतेकांचे बोलणे चालते, तिथे इजा झाली की असे होते. पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरने १८६१ साली अशाच एका रुग्णाची नोंद केली होती, तो बापडा फक्त ‘तान’ एवढेच म्हणायचा. बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरात हे नाव आम्ही पाच मार्कांसाठी पाठ केले होते. ते घरात येऊन खाटेवर झोपेल असे वाटले नव्हते.

बाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ज्यांना बोलता येत नाही त्यांना पुष्कळदा गाता येते. अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात यावरून उपचारच तयार केला, डाव्या हाताने ठेका धरत, सूर लावत शब्द काढायचा. दोन, जे लहानपणापासून एका दमात म्हणत आलो ते, म्हणजे अंक, वार, दुआ, हे साखळीसारखे सुटते; मधलीच कडी मात्र उचलता येत नाही. हे खरे ठरले. अब्बांना ‘पाच’ म्हणता येत नव्हते. पण एकपासून सुरुवात करून दिली की ते सरळ पाचावर येऊन थांबत. औषध किती वाजता, तर एक, दो, तीन, चार, पाँच. अल्हम्दु शरीफ सुरू करून दिली की शेवटच्या आमीनपर्यंत एक अक्षर चुकत नसे. ती संपली की पुन्हा “चल.”

२० फेब्रुवारी २०२४ला अमीन सायानी गेले. बातमी आमच्या पुतण्याने मोबाइलवर वाचली आणि नकळत मोठ्याने सांगितली. अब्बांनी तोंड भिंतीकडे फिरवले. रात्री भाईजानने दिलेल्या कारवाँ रेडिओवर ह्यांनी गीतमाला लावली. बिगुल वाजला तेव्हा अब्बांचा डावा हात खाटेच्या कठड्यावर ठेका धरत होता. आमची लेक दहा वर्षांची. तिने विचारले, “नाना, इसमें फर्स्ट कौन आया?” अब्बा म्हणाले, “चल,” पण ते ‘चल’ वेगळे होते, त्यात ‘काय सांगू आता’ होते. लेकीने लाल वही काढली. तिला उर्दू वाचता येते. तिने वाकड्या फुलीची गाणी शोधायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सामने आखले.

आठ गाणी, बाद फेरी. पंच सात : अब्बा, अम्मी, सासूबाई, हे, पुतण्या, लेक आणि आम्ही. अब्बांचे मत सर्वांत शेवटी. कठड्यावर एक टिचकी म्हणजे पहिले गाणे, दोन म्हणजे दुसरे. रमजान १२ मार्चच्या आसपास लागणार होता आणि आमच्या घरी रमजानभर गाणी बंद असतात, म्हणजे त्याच्या आत सगळे उरकायचे होते. निवडीवरून पहिल्याच दिवशी भांडण झाले. ‘मिस्टर इंडिया’चे ‘हवा हवाई’ आणि हसन जहांगीरचे ‘हवा हवा’ दोन्ही वहीत होते. पुतण्या म्हणाला, एका स्पर्धेत दोन हवा चालणार नाहीत. श्रीदेवीला नाणेफेकीत घरी जावे लागले. आम्हाला ते अजून पटलेले नाही.

पहिला सामना ‘मेरे अंगने में’ विरुद्ध ‘तेजाब’चे ‘एक दो तीन’. गंमत अशी की ‘मेरे अंगने में’ची एक आवृत्ती अमिताभच्या आवाजात आहे आणि एक अलका याज्ञिकच्या, आणि ‘एक दो तीन’ही अलकाचेच. म्हणजे १९८१ची अलका विरुद्ध १९८८ची अलका. एक सरताज झालेले, दुसरे कधीच न झालेले. अम्मीने पहिल्या गाण्याविरुद्ध तिथल्या तिथे मत दिले : “सब की बीवियों की हँसी उडाता, बडा आया.” आम्ही ‘एक दो तीन’ला मत दिले ते वेगळ्या कारणासाठी. त्यात तेरा या आकड्यावर जावेद अख्तरांनी जी कोटी केली आहे, ती आम्ही नववीच्या वर्गात शब्दालंकार शिकवताना हमखास सांगतो. तेरा म्हणजे आकडाही आणि ‘तुझा’ही. पोरांना मीरचा शेर समजायला दोन तास लागतात, हे दोन मिनिटांत समजते. या गाण्याच्या नाचामुळे फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचे पारितोषिक सुरू केले आणि पहिले सरोज खानला दिले, हेही आम्ही पंचांच्या कानावर घातले. प्रचाराला बंदी नव्हती. अब्बांनी दोन टिचक्या मारल्या.

‘जिमी जिमी’ विरुद्ध ‘हवा हवा’ हा सामना सर्वांत रंगला, कारण दोन्ही गाणी उसनवारीची. ‘डिस्को डान्सर’ १९८२चा; ‘जिमी जिमी’ची चाल बप्पी लाहिरींनी ओटावान नावाच्या फ्रेंच जोडीच्या गाण्यावरून उचललेली. ‘हवा हवा’ पाकिस्तानातून कॅसेटवर आले, पण त्याची चाल मुळात इराणच्या कुरोश यघमाईची. लेकीने विचारले, “मग दोघांना बाद का नाही करायचे?” तिच्या शाळेत कॉपी केली की दोघांनाही बाहेर काढतात. यावर हे म्हणाले की चाल चोरीची असली तरी गाणारी आपली आहे. ‘जिमी जिमी’ गाणाऱ्या पार्वती खान मूळच्या त्रिनिदादच्या, राही मासूम रझांच्या सूनबाई. आणि ‘डिस्को डान्सर’ लिहिलाय तोही राही साहेबांनीच. ‘आधा गाँव’ लिहिणारा, पुढे दूरदर्शनच्या ‘महाभारता’चे संवाद लिहिणारा हाच माणूस. आमच्या साहित्य संमेलनांच्या भाषणांत ‘आधा गाँव’ नेहमी येतो, ‘महाभारत’ तर येतेच येते. ‘डिस्को डान्सर’ मात्र कुणी काढत नाही. पोट भरायला केलेले काम, असे म्हणून तो पाहुण्यांपासून लपवलेल्या फाटक्या चादरीसारखा मागे ढकलला जातो. आम्हाला वाटते, तोही मांडावा. हे गाणे सोव्हिएत रशियात गाजले. २०२२ साली कोरोनाच्या टाळेबंदीत कंटाळलेले चिनी लोक रिकामी भांडी कॅमेऱ्यासमोर धरून हेच गाणे म्हणत, कारण ‘जिमी’चा उच्चार त्यांच्या भाषेत ‘मला तांदूळ द्या’ यासारखा होतो. एवढा प्रवास केलेल्या गाण्याला कोण हरवणार? ‘जिमी जिमी’ पाच विरुद्ध दोन.

तिसऱ्या सामन्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. ‘माय नेम इज लखन’ मोहम्मद अझीझनी जीव तोडून गायले आहे, पण समोर नाझिया हसनचे ‘आप जैसा कोई’ होते. ‘कुर्बानी’ १९८०चा. नाझिया कराचीची, राहायला लंडनला, वय पंधरा. चाल बंगळुरात जन्मलेल्या बिद्दूची. पुढच्याच वर्षी तिला फिल्मफेअर मिळाले. इतक्या लहान वयात पार्श्वगायनासाठी ते दुसऱ्या कुणा गायिकेला मिळालेले नाही. वहीत या गाण्यापुढच्या रेघा मोजता मोजता लेक दमली. अब्बांनी गाणे संपायच्या आधीच टिचकी मारली.

२६ फेब्रुवारीला पंकज उधास गेले. ‘चिठ्ठी आई है’ टेढ्यांत बसत नव्हते, म्हणून स्पर्धेत नव्हते. त्या रात्री सामना ठेवला नाही. अम्मीने तेवढे एक गाणे लावायला सांगितले. आमचे धाकटे भाऊ दुबईला आहेत.

मराठी सामना ‘अश्विनी ये ना’ विरुद्ध आनंद शिंद्यांचा ‘पोपट’. एकीकडे १९८७चा ‘गंमत जंमत’, किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल. दुसरीकडे सिनेमा नाही, नट नाही, नुसती कॅसेट आणि लाऊडस्पीकर. किशोरकुमारचे मराठी ऐकताना आम्हाला नेहमी आपलेपणा वाटतो. परक्या भाषेत पाऊल जपून टाकणारा माणूस आम्ही रोज वर्गात बघतो. पण सासूबाई तासगावकडच्या. जत्रेत, लग्नात, बैलगाडीत पोपट ऐकत त्यांचे तारुण्य गेले. उर्दू त्यांना वाचता येत नाही आणि त्यांच्या दखनीत निम्मी मराठी असते. आजवर व्याह्यांशी त्या सरळ बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी दारातूनच म्हणाल्या, “समधीकू बोलो, पोपट हारा तो शाम की चाय बंद.” अब्बांचा खांदा हलला. ते हसत होते हे कळायला आम्हाला जरा वेळ लागला. पोपट जिंकला.

आमच्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर मिरज. तिथे दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार आहे, उर्साला मोठमोठे गवई हजेरी लावतात. तिथल्या सतारमेकरांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडतात. त्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या आठवड्यात आम्ही पोपटाला उपांत्य फेरीत पोहोचवत होतो, त्याच आठवड्यात आठ वेळा त्या रस्त्याने रिक्षातून अब्बांना घेऊन गेलो. खाँसाहेबांनी आम्हाला माफ करावे.

फुफाजान आले ते उपांत्य सामन्याच्या दिवशी. नेमके तेव्हा ‘आप जैसा कोई’ लागले होते आणि अब्बा नुसता ठेका धरत नव्हते, गात होते. शब्द पूर्ण नव्हते, पण होते. सूर तर चोख होता. लकव्यानंतर दोन महिन्यांनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ‘चल’खेरीज काही निघत होते, दुआ आणि आकडे सोडून. आम्ही सगळे कान टवकारून उभे. फुफाजान टोपी सारखी करत म्हणाले, “इस हालत में बंदे से अल्ला-अल्ला करवाना छोड के ये क्या लगा रक्खे?”

घरात शांतता झाली. ह्यांनी मोबाइल बंद केला. फुफाजान अब्बांचे मेहुणे. वडीलधारे माणूस, त्यांच्यासमोर आम्ही काय बोलणार? आणि त्यांचे बोलणे अगदीच उडवून लावावे असेही नाही. गेली पंधरा-वीस वर्षे आमच्या मोहल्ल्यांत ही बाब वाढत्या सुरात ऐकू येते. लग्नातला बँड गेला, मग डीजे गेला, मग मेहंदीच्या रात्री बायका ढोलकीवर म्हणायच्या ती गाणीही कमी झाली. डीजे गेला त्याचे आम्हाला दुःख नाही. ढोलकीचे आहे.

अम्मी उठली. अब्बांच्या उशाशी बसून तिने अल्हम्दुचा पहिला शब्द काढून दिला. अब्बांनी ती पूर्ण म्हटली, मग कुलहुवल्लाह, मग दुरूद. फुफाजानही हळू आवाजात सोबत म्हणत होते. झाल्यावर अम्मीने अब्बांना विचारले, “पानी होना?” अब्बा म्हणाले, “चल.” अम्मी फुफाजानकडे वळली. “ये बाई बोली, जो दिल में पुराना है वोईच निकलता पैले. नमाज बी पुरानी, गाना बी पुराना. पानी का ‘पा’ निकलने तक जो निकलता वो निकालने दो, दूल्हेभाई.” फुफाजानांनी चहा पूर्ण घेतला, अब्बांच्या कपाळावर हात ठेवला आणि निघून गेले. ईदपर्यंत आले नाहीत.

त्या सामन्यात पोपट हरला. दुसऱ्या उपांत्य सामन्यात ‘एक दो तीन’ने ‘जिमी जिमी’ला हरवले, चार विरुद्ध तीन. अंतिम सामना रविवारी १० मार्चला ठरला. शनिवारी अब्बांना ताप भरला, रविवार मिरजेच्या दवाखान्यात गेला आणि मंगळवारी पहिला रोजा.

रमजानात गाणी बंद. पण इफ्तारच्या आधी दस्तरखानावर बसले की लेक रोज विचारी, “नाना, आज कितवा रोजा?” आणि अब्बा मोजत. एक, दो, तीन. चौथ्या-पाचव्या रोजापर्यंत ते साध्या आवाजात मोजत होते. पुढे आकडे वाढले तशी चाल आपोआप आली. तीच चाल, अलकाची. अम्मीने एकदा डोळे मोठे करून पाहिले आणि मग खजूर वाटायला लागली. तेराव्या रोजाला ते तेरावर थांबले आणि लेकीकडे बोट करून पुन्हा एकदा ‘तेरा’ म्हणाले. नुसता अंक, एकपासून न मोजता. आम्ही दुसऱ्या दिवशी मिरजेला फोन करून बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, लिहून ठेवा. आम्ही लाल वहीत, शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिले. ‘पानी’ हा शब्द विसाव्या रोजाला आला, तोही पानी पिऊन झाल्यावर.

११ एप्रिलला ईद झाली. फुफाजान शिरखुर्म्याला आले, अब्बांच्या गळ्यात गळा घातला. गाण्याचा विषय कुणी काढला नाही. बासी ईदेच्या रात्री, ते गेल्यावर, अंतिम सामना झाला : ‘आप जैसा कोई’ विरुद्ध ‘एक दो तीन’. हे, पुतण्या आणि सासूबाई नाझियाकडे. सासूबाईंचे मत खरे तर सुडाचे असायला हवे होते, पण त्या म्हणाल्या की ज्याने पोपटाला पाडले तोच जिंकावा, त्यात पोपटाचीही इज्जत आहे. अम्मी, लेक आणि आम्ही अलकाकडे. तीन-तीन. नाझिया २००० साली, पस्तिसाव्या वर्षी गेली, हे पुतण्याने ऐनवेळी सांगून टाकले. आम्ही तेव्हा पस्तीस पूर्ण केलेली होती.

अब्बांची पाळी आली. नाझियाचे गाणे त्यांनी डोळे मिटून ऐकले, गायलेही. मग ‘एक दो तीन’ लागले. तेरावर गाणे पुढच्या ओळीला वळते. अब्बा वळले नाहीत. चौदा, पंद्रा, सोला करत ते मोबाइलच्या पुढे निघून गेले, एकोणतीस, तीस, आणि तिसाला थांबले. गाणे तिकडे चालूच होते. आम्ही टिचकीची वाट पाहिली. त्यांनी हात कठड्यावर ठेवला, उचलला आणि म्हणाले, “चल.”

लेकीने कॅलेंडरवर तसेच लिहिले आहे : नाना - चल. पुतण्याच्या मते हे मत अवैध आहे. लेकीच्या मते तीस टिचक्या झाल्या. पुढच्या रविवारी भाईजान अब्बा-अम्मीला साताऱ्याला घेऊन गेले. जाताना सासूबाईंनी भडंगाचा डबा दिला आणि व्याह्यांना सरळ सांगितले की तिसऱ्या क्रमांकासाठी पोपट आणि जिमीचा सामना बाकी आहे, त्याला यावे लागेल. भाईजानने दुकानातल्या कॅसेटच्या दोन ट्रंका भंगारवाल्याला दाखवल्या होत्या. तो म्हणाला, पत्र्याचे पैसे देतो, आतल्या मालाचे नाही. ट्रंका अजून साताऱ्यातच आहेत. लाल वही आमच्याकडे आहे.